काळी गाडी, पांढरे डाग: धुतल्यानंतरच्या दहा मिनिटांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी पिंपरी-चिंचवडमध्ये गाड्यांच्या पॉलिशचं आणि डिटेलिंगचं काम करतो. दिवसाला एक गाडी, फार तर दोन. इथे सांगतोय ती गाडी एका निवृत्त काकांची. नाव, सोसायटी, गाडीचा मेक सगळं गाळलं आहे. बाकी जे घडलं ते घडलं तसं लिहितो, माझ्या चुकांसकट.

गाडी काळ्या रंगाची सेडान, दिवाळीच्या पाडव्याला घेतलेली. काकांचं अख्खं नोकरीचं आयुष्य स्कूटरवर गेलं, त्यामुळे ही त्यांची पहिलीच गाडी. आठवड्यातून दोनदा बाहेर निघायची, एरवी सोसायटीच्या ओपन पार्किंगमध्ये पूर्वेकडे तोंड करून उभी. सोसायटीत गाड्या पुसायला लातूरकडचा एक मुलगा येतो. पहाटे पाच ते दहा या वेळात तो 22 गाड्या करतो. काकांच्या गाडीचे महिन्याला 600 रुपये ठरले होते. आठवड्यातून तीन दिवस पाण्याने धुवायची आणि उरलेले दिवस कोरड्या फडक्याने धूळ झटकायची.

मार्चपर्यंत सगळं ठीक होतं, असं काकांचं म्हणणं. एप्रिलच्या मध्यावर त्यांचा फोन आला. "अहो, गाडीला देवीचे व्रण उठल्यासारखं दिसतंय. सहा महिनेसुद्धा झाले नाहीत घेऊन."

काकांनी खापर आधीच त्या मुलावर फोडलं होतं. तो पाण्यात कसली तरी पावडर टाकतो असा त्यांचा ठाम समज होता.

गाडी पाहिली तेव्हा

गाडी सावलीत घेऊन मी मोबाइलची बॅटरी बॉनेटच्या जवळ तिरकी धरली. तिथे एक नव्हे, दोन वेगळे आजार होते.

पहिला म्हणजे वर्तुळं. शर्टाच्या बटणाएवढी, काही ज्वारीच्या दाण्याएवढी. मधे काळा रंग स्वच्छ आणि कडेला पांढरी बारीक रेघ. बोट फिरवलं की कड खरखरीत लागायची. बॉनेट आणि टपावर दाट, दारांवर ओघळांसारखी लांबट. वर्तुळाची कडच पांढरी का, याला कारण आहे. थेंब वाळताना कडेने आधी वाळतो आणि तिथली तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं. जाताना ते विरघळलेले क्षार सोबत नेतं. फरशीवर सांडलेला चहा वाळला की कडेलाच गडद रेघ उमटते, तसंच हे.

दुसरा आजार चऱ्यांचा. बॅटरीच्या उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल जाळी दिसत होती. चरे खरं तर सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडवे असलेलेच चमकतात, म्हणून डोळ्याला ते दिव्याभोवती गोल फिरल्यासारखे दिसतात. असे चरे पाण्याने पडत नाहीत. फडक्यात अडकलेली माती रंगावर घासली गेली की पडतात.

काकांना मी तिथेच सांगितलं, की पावडरचा संबंध दिसत नाही. पांढरे डाग पाण्यातल्या क्षारांचे आहेत. पार्किंगमधल्या नळाचं पाणी मी खिशातल्या टीडीएस मीटरने मोजलं. 640 आलं, म्हणजे लिटरमागे साधारण 640 मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ. चौकशी केली तेव्हा कळलं, की फेब्रुवारीपासून महापालिकेचं पाणी कमी पडू लागल्यावर सोसायटीने बोअर आणि टँकरचं पाणी टाकीत मिसळायला सुरुवात केली होती. पवनेच्या धरणाचं पाणी त्या मानाने हलकं. आपल्याकडच्या काळ्या कातळातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरलेले असतात. गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर, डाळ शिजायला लागणारा जास्तीचा वेळ आणि गाडीवरचं हे वर्तुळ, तिन्हींच्या मुळाशी हेच पाणी.

हे पाणी वाईट म्हणता येणार नाही, हेही सांगायला हवं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत मुभा आहे. 640 चं पाणी माणसाला चालून जातं. काळ्या रंगावर वाळलं की मात्र ते लपत नाही.

पहिला उपचार आणि तो का फसला

सगळ्यात सौम्य उपाय आधी करायचा, ही माझी पद्धत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं घेतलं. गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना एकेका भागावर भिजवलेलं फडकं मिनिटभर ठेवलं, लगेच पाण्याने धुतलं, मग शांपूने धुतलं. व्हिनेगर रंगावर वाळू द्यायचं नाही, एवढं पाळलं की पुरे. दारांवरचे आणि डिकीवरचे बहुतेक डाग निघाले. बॉनेट आणि टपावर मात्र पांढरेपणा गेला तरी वर्तुळाचा ठसा राहिला. क्षार नुसते वर बसले नव्हते, उन्हाच्या तापाने त्यांनी क्लिअर कोटचा वरचा भाग किंचित कोरला होता.

क्लिअर कोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश करताना त्यातलेच एक-दोन मायक्रॉन घासून काढावे लागतात. म्हणून नव्या गाडीला पॉलिश लावताना माझा हात नेहमी आखडतो. काकांना हे समजावून सांगितलं आणि त्यांच्या संमतीने फक्त बॉनेट आणि टप बारीक पॉलिशने, ड्युअल ॲक्शन मशीनवर केलं. वरून वॅक्स लावलं. गाडी आरशासारखी झाली.

जाताना मी दोनच सूचना दिल्या. गाडी उन्हात धुवायची नाही आणि धुतल्यावर लगेच पुसायची. काकांनी मान डोलावली. मुलगा तेव्हा तिथे नव्हता. त्याच्याशी मी बोललोच नाही.

तीन आठवड्यांनी काकांचा पुन्हा फोन. डाग परत आले होते आणि या वेळी आधीपेक्षा ठळक होते.

मी तिथे उभा राहिलो ती सकाळ

दुसऱ्यांदा मशीन काढायच्या आधी मी ठरवलं, की गाडी धुताना आणि वाळताना एकदा स्वतः पाहायचं. मे महिन्याचा पहिला आठवडा होता. मी सकाळी सात वाजल्यापासून पार्किंगमध्ये बसलो.

मुलगा काकांच्या गाडीपाशी आला तेव्हा पावणेनऊ वाजले होते. बॉनेटवर ऊन येऊन तास होऊन गेला होता आणि पत्र्यावर हात ठेववत नव्हता. एवढ्या उशिरा का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "दादा, आधी मी साडेपाचला करायचो. बादलीच्या आवाजाने काकूंची झोपमोड होते म्हणून काकांनीच साडेआठनंतर ये म्हणून सांगितलं." काकांची बेडरूम पार्किंगच्या बरोबर वर. पेव्हर ब्लॉकवर लोखंडी बादली आपटली, की आवाज थेट वर जायचा. ही वेळ मार्चमध्ये बदलली होती. काकांच्या ते लक्षातही नव्हतं.

मग त्याने शेजारच्या दोन गाड्या आणि काकांची गाडी अशा तिन्ही ओळीने धुतल्या, आणि त्यानंतर पहिल्या गाडीपासून पुसायला लागला. एकदा फडकं पिळलं की त्यात तीन गाड्या होतात, असं त्याचं गणित. 22 गाड्या दहाच्या आत संपवायच्या तर ते गणित चुकीचंही नाही. पण काकांच्या गाडीची पाळी येईपर्यंत बॉनेट आणि टप पूर्ण वाळले होते. पांढरी वर्तुळं माझ्या डोळ्यांदेखत उमटत होती. त्याने मग त्या वाळलेल्या वर्तुळांवरून तेच ओलसर पिवळं फडकं गोल गोल फिरवलं. क्षारांची ती खरखरीत कड आणि फडक्यातली माती दोन्ही रंगावर घासली गेली. चऱ्यांचं उत्तरही तिथेच मिळालं. त्याच फडक्याने त्याने आधीच्या गाडीचे टायर पुसलेले मी पाहिले होते.

एवढं सगळं पाहूनही एक गोष्ट जुळत नव्हती. शेजारच्या दोन गाड्याही उन्हातच होत्या, त्यातली एक गडद निळी. तिच्यावर डाग होते पण एवढे ठळक नव्हते. मी काकांच्या गाडीच्या बादलीत मीटर बुडवला. 900 च्या वर आकडा. नळाला 640 आणि बादलीत 900?

"ही बादली काकू भरून ठेवतात," मुलगा म्हणाला. "आरओचं पाणी."

आरओचं खरं, पण आरओने बाहेर टाकलेलं. आरओ यंत्र पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही, ते वेगळे काढतं. थोडं शुद्ध पाणी एका नळीने येतं आणि उरलेल्या पाण्यात सगळे क्षार एकवटून दुसऱ्या नळीने बाहेर पडतात. आत 640 चं पाणी गेलं आणि त्यातलं तिसरा हिस्सा शुद्ध म्हणून निघालं, तर उरलेल्याचा आकडा 900 च्या घरात जाणारच. काकूंचं माहेर माण तालुक्यातलं. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला मोरीत वाहून जाणारं पाणी बघवत नाही. त्या रोज ते पाणी बादलीत धरायच्या आणि मार्चपासून, सोसायटीत पाण्याची ओरड सुरू झाल्यावर, गाडीसाठी द्यायच्या. मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "अहो, मी तर पाणी वाचवायला देत होते." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती. पहिल्याच दिवशी मी नळाऐवजी बादली मोजली असती, तर एक पॉलिश वाचलं असतं.

आकड्यात सांगायचं तर असं. धुऊन झाल्यावर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर पाणी राहिलं असं धरू. 900 टीडीएसच्या त्या अर्ध्या लिटरात 0.45 ग्रॅम क्षार असतात. ते पाणी फडक्याने टिपलं तर क्षार फडक्यात जातात. ते तिथेच वाळलं तर क्षार गाडीवर राहतात. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. महिन्यातून बारा वेळा असं झालं की पाच ग्रॅमहून जास्त, म्हणजे चहाचा चमचाभर क्षार रंगावर वाळवून बसवल्यासारखं होतं.

मार्ग कोणकोणते होते

मुलाला काढून दुसरा माणूस लावणं हा काकांच्या मनातला पहिला मार्ग. तो मी स्पष्ट नाकारला. त्याच वेळी, त्याच बादलीने, त्याच घाईत दुसरा कुणीही हेच करणार. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

दुसरा मार्ग सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर टिकाऊ संरक्षक थर बसवण्याचा. एका दुकानाने काकांना 28 हजार रुपये सांगितले होते आणि मग डागांची चिंताच राहणार नाही, असंही सांगितलं होतं. मी स्वतः कोटिंग करतो, काम मलाच मिळालं असतं. पण कोटिंगवर पाणी मोत्यांसारखं टपोरं उभं राहतं. निथळताना ते पटकन घरंगळतं हा फायदा खरा. मात्र जे थेंब उरतात ते उन्हात जागच्या जागी वाळतात आणि क्षारांची वर्तुळं कोटिंगवर उठतात. जड, म्हणजे क्षारांचं पाणी आणि ऊन तसंच ठेवून कोटिंग करणं म्हणजे काकांचे पैसे घालवणं होतं. धुण्या-पुसण्याची पद्धत बसली की मग कोटिंगचा विचार करू, असं ठरलं.

थेंब भिंगासारखं काम करतो आणि रंग जाळतो, असं काकांना कुणीतरी सांगितलं होतं. बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. पत्र्याला चिकटलेल्या थेंबातून जाणारे किरण एकत्र येण्याची जागा पत्र्याच्या पलीकडे पडते. ऊन नुकसान करतं ते पाणी झटपट उडवून आणि पत्रा तापवून.

वॉटर सॉफ्टनर बसवावा का, याचीही चर्चा झाली. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम देतो. टीडीएसचा आकडा जवळपास तेवढाच राहतो. डाग पडतातच, फक्त नंतर पाण्याने सहज निघतात. एका गाडीसाठी तो खर्च कुणालाच पटला नाही.

वॉशिंग सेंटरला न्यावी, तर तिथे पाणी कुठलं आणि फडकी कुणाच्या गाडीवरून आलेली, हे आपल्या हातात नाही. काकांना तिथे दर आठवड्याला रांगेत उभं राहणंही जमणारं नव्हतं.

राहिला शेवटचा मार्ग: वेळ, पाणी, फडकी आणि मुलाचा मोबदला, चारही एकदम बदलायचे. यातलं एक जरी सुटलं तरी डाग परत येणार हे मला एव्हाना कळलं होतं.

काय केलं

वेळेचा प्रश्न सगळ्यात अवघड वाटत होता, तो सगळ्यात सहज सुटला. धुण्याच्या आदल्या संध्याकाळी काका गाडी कंपाउंडच्या भिंतीलगतच्या पाहुण्यांच्या जागेत लावू लागले. लोखंडी बादली जाऊन प्लास्टिकची आली. मुलगा सव्वापाचला पहिली गाडी हीच करू लागला. पत्रा गार, ऊन नाही, काकूंची झोपही शाबूत.

धुणं आठवड्यातून तीनाऐवजी दोनदा केलं आणि मधल्या दिवसांचं कोरडं झटकणं पूर्ण बंद. कोरडी धूळ कोरड्या फडक्याने ओढली की चरे ठरलेले. गाडी दोन दिवस धुळकट दिसली तर दिसू दे, हे काकांच्या गळी उतरवायला मात्र वेळ लागला. मोबदला 600 चा 900 केला. वेळ आठ मिनिटांवरून वीस मिनिटांवर जाणार असेल तर पैसे त्या हिशेबाने वाढायलाच हवेत. तीनशे रुपयांवरून काका थोडे अडले. पुढच्या पॉलिशचा दर सांगितल्यावर मोकळे झाले.

पाण्याची वाटणी काकूंनी स्वतः केली. आरओचं बाहेर टाकलेलं पाणी टायर, मडगार्डच्या आतली बाजू आणि खालचा चिखल काढायला. नळाचं पाणी शांपूसाठी आणि फेस काढायला. सगळ्यात शेवटी अंगावरून सोडायला तीन-चार लिटर हलकं पाणी. ते कुठून आणायचं? बेडरूमच्या एसीच्या नळीतून रात्रभर गळणारं पाणी मी मीटरने मोजलं, टीडीएस 30 च्या आसपास आला. हवेतली वाफ गार होऊन झालेलं ते पाणी, त्यात क्षार नसतातच जवळपास. सुती कापडातून गाळून घेतलं की झालं. एसी बंद असेल त्या दिवशी आरओचं शुद्ध पाणी. पाणी वाया न घालवण्याचा काकूंचा नेम मोडला नाही.

आता पुसण्याची पद्धत. ही मी मुलाला दोन सकाळी सोबत उभं राहून दाखवली, कारण हे सांगून कळत नाही.

शेवटचं पाणी शिंपडायचं नाही. पाण्याचा मग पत्र्यापासून वीतभर वर धरून टपाच्या मध्यापासून संथ, अखंड धार सोडायची. शिंपडलेल्या पाण्याचे हजार थेंब होतात. संथ धारेचा पडदा होतो, आणि तो पडदा उतरताना वाटेतले थेंब सोबत घेऊन जातो. वॅक्स ताजं असलेल्या बॉनेटवर हे बघण्यासारखं असतं. धार सरकते तशी मागे जवळपास कोरडी पट्टी उघडी पडत जाते. निम्मं पुसणं तिथेच होऊन जातं.

मग एक मिनिट निथळू द्यायचं. चारही दारं आणि डिकी एकदा उघडून लावायची म्हणजे बीडिंगमध्ये अडकलेलं पाणी खाली येतं.

पुसताना मायक्रोफायबरचं फडकं पूर्ण पसरायचं, दोन कोपरे धरायचे आणि आपल्याकडे हलकेच ओढायचं. दाबायचं नाही, गोल फिरवायचं नाही. पाणी उचलण्याचं काम फडक्याचं, हाताच्या जोराचं नाही. क्रम टप, काचा, बॉनेट, डिकी, मग दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा. धूळ-माती खाली जास्त असते म्हणून खालून वर कधीच यायचं नाही. चाकांचं फडकं वेगळं, जुन्या लाल पंच्याचं, म्हणजे अंधारातही चूक होऊ नये.

फडक्यांच्या बाबतीत मी एक चूक केली. सुरुवातीला मी त्याला एक मोठं, जाडजूड ड्राइंग टॉवेल दिलं, माझ्या दुकानात वापरतो तसलं. ते भिजल्यावर इतकं जड व्हायचं की त्याला एकट्याला पिळता येईना, आणि ओढताना त्याचं टोक जमिनीला लागायचं. एकदा ते हातून पेव्हर ब्लॉकवर पडलं. पडलेलं फडकं झटकून पुन्हा वापरायचं नाही हे मी सांगितलं होतं, पण त्या टॉवेलला पर्याय म्हणून दुसरं काही मी दिलंच नव्हतं. त्या दिवशीचे दोन लांब चरे डाव्या दारावर अजून आहेत. पुढच्याच आठवड्यात त्याने ते घरी कपड्यांबरोबर धुतलं, वासाचं सॉफ्टनर टाकून. त्यानंतर ते पाणी शोषेचना, नुसतं पुढे ढकलायचं. सॉफ्टनरचा मेणचट थर मायक्रोफायबरच्या बारीक धाग्यांवर बसतो आणि त्यांचं टिपणंच बंद पडतं. मग मी चार मध्यम फडकी आणून दिली, हातात मावतील आणि पिळता येतील अशी. दोन ओलं टिपायला, एक शेवटचा हात फिरवायला, एक हाताशी राखीव. ती धुण्याची जबाबदारी काकूंनी घेतली. साध्या लिक्विडमध्ये, सुती कपड्यांपासून वेगळी, सावलीत वाळत.

ब्लोअरचा विचार करून सोडून दिला. आरशाच्या खोबणीतलं, हँडलमागचं आणि नंबरप्लेटमागचं पाणी काढायला त्याच्यासारखं साधन नाही. पण पार्किंगच्या ओल्या फरशीवरून पहाटेच्या अंधारात विजेची वायर न्यायची, हे मला मान्य नव्हतं. त्याऐवजी मुलगा पुढची गाडी धुऊन झाल्यावर परत येऊन फक्त आरसे, हँडल आणि टेललॅम्पखालचे ओघळ टिपतो. एक मिनिट लागतं.

ब्रेकचं एक प्रकरण यात निघालं, तेवढंच सांगतो. धुतल्यावर गाडी हँडब्रेक ओढून तीन-तीन दिवस उभी राहायची आणि निघताना मागून "टक्" असा आवाज यायचा. ओल्या ड्रमला ब्रेकचे लायनर चिकटून बसत होते. आता धुतल्यावर काका सकाळच्या फेरीला गाडी काढतात, दोन-तीनदा हलके ब्रेक दाबून पाणी उडवतात, आणि सपाट जागेत गिअरमध्ये लावून चाकाला अडसर लावतात. आवाज गेला. पुढच्या डिस्कवर धुतल्यानंतर दिसणारा तांबूस थर मात्र काळजीचा नाही. बिडाच्या डिस्कवर ओल राहिली की तो काही तासांत येतो आणि पहिल्या ब्रेकलाच निघून जातो.

निकाल

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी बॉनेट आणि टप दुसऱ्यांदा पॉलिश केलं, विनामूल्य, कारण पहिलं निदान माझं अपुरं होतं. लगेच पावसाळा लागला. पावसाळ्यात गाडी छान दिसत होती, काका खूश होते. मी तो निकाल धरला नाही. पावसाच्या पाण्यात क्षार कमी, हवा दमट, थेंब वाळायला वेळ मिळतो. खरी परीक्षा ऑक्टोबरच्या उन्हात होणार होती.

नवरात्रानंतर मी पुन्हा बॅटरी घेऊन गेलो. बॉनेटवर आणि टपावर एकही नवं वर्तुळ नव्हतं. चरे जूनमध्ये होते तेवढेच, वाढलेले नाहीत. डिकीच्या नंबरप्लेटखाली आणि दोन्ही आरशांखाली फिकट ओघळ होते, ते व्हिनेगरच्या पाण्याने तिथल्या तिथे निघाले. मुलाच्या ओळीतल्या त्या निळ्या गाडीवाल्यांनीही पहाटेची वेळ मागून घेतली आहे आणि वाढीव पैसे देतात. आता त्याच्याकडे 22 ऐवजी 17 गाड्या आहेत आणि महिन्याची मिळकत जवळपास तेवढीच, असं तो म्हणाला.

पुन्हा करायची वेळ आली तर

पहिल्याच दिवशी मुलाशी बोलेन. गाडीला रोज हात लावणारा माणूस तो, आणि मी तीन आठवडे त्याला एक प्रश्नही विचारला नाही. वेळ का बदलली, बादली कोण भरतं, फडकी किती, हे तीन प्रश्न विचारले असते तर दुसरं पॉलिश लागलंच नसतं. त्या दोन पॉलिशमध्ये काकांच्या गाडीचे जे दोन-तीन मायक्रॉन गेले ते परत येणार नाहीत.

धुणं होताना पाहिल्याशिवाय मशीन सुरू करणार नाही. मीटर नळात नाही, ज्या भांड्यातलं पाणी शेवटी अंगावर पडतं त्या भांड्यात बुडवेन. मीटर नुसता एकूण क्षारांचा अंदाज देतो, जडपणा, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, ते मोजत नाही. तरी या प्रकरणात तेवढ्यानेही काम भागलं असतं.

फडकी देताना माझ्या दुकानातलं महागडं साधन देणार नाही. ज्याच्या हातात ते जाणार त्याचा हात, त्याची घाई आणि घरी कपडे कशात धुतले जातात हे आधी विचारेन.

आरशाखालचा ओघळ अजून सुटलेला नाही. आरशाच्या काचेमागच्या फटीतून तासाभरानेही दोन थेंब येतात आणि दारावर पांढरी रेघ काढतात. सध्या काकू धुण्याच्या दिवशी तिथे जुन्या सुती साडीची घडी खोचून ठेवतात आणि फेरीला निघताना काका ती काढतात. येत्या उन्हाळ्यात एप्रिलमध्ये मी परत बॅटरी घेऊन जाणार आहे. कोटिंग करायचं की नाही ते तेव्हा ठरेल.